खारपाणपट्ट्यातील माती आणि धुऱ्यावरची बाभूळ

पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांत मिळून सुमारे ४.७ लाख हेक्टरांचा खारपाणपट्टा पसरला आहे. दर्यापूर, भातकुली, अकोट, मूर्तिजापूर या भागांतून जाणारा परका मनुष्य काळीभोर जमीन पाहून तिची श्रीमंती वाखाणतो. परंतु या जमिनीत चिकणमाती फार आणि त्यात सोडियमची भर. पावसात ती चिकट होऊन पाणी जिरू देत नाही, उन्हाळ्यात भेगाळते. विहिरीचे पाणी खारट, त्यामुळे ओलिताची आशा नाही.

विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी २००६ साली पंतप्रधानांनी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले, तेव्हा कर्ज, बियाणे व सिंचन यांची चर्चा झाली. मातीच्या प्रकृतीकडे मात्र, आमच्या मते, पुरेसे लक्ष गेले नाही.

पूर्वी वऱ्हाडातील धुऱ्यावर बाभूळ, कडुनिंब, हिवर, बोर ही झाडे सहज दिसत. वखर, तिफण, डवरा बाभळीच्याच लाकडाचे. तिच्या शेंगा शेळ्यांना. निंबोळीच्या ५ टक्के अर्काची फवारणी कपाशीवरील किडींना आवरते. बाभळीची मुळे हवेतील नत्र जमिनीत साठवितात, पालापाचोळ्याने सेंद्रिय कर्ब वाढतो, मुळांच्या वाटेने पाणी खाली उतरते आणि चोपण जमीन हळूहळू भुसभुशीत होते. हे काम एका हंगामाचे नव्हे. बाभळीच्या सावलीत पीक दबते, ही शेतकऱ्याची तक्रारही खोटी नाही. म्हणूनच झाड शेताच्या मधोमध नको, धुऱ्यावर हवे.

झाड लावले की सारे साधले, असेही आम्ही म्हणणार नाही. वरुड–मोर्शीच्या संत्राबागांनी समृद्धी आणली, परंतु बोअरवेलच्या उपशाने तेथील भूजल खोल गेले. तीही झाडेच होती.

राष्ट्रीय कृषिवानिकी धोरण २०१४ साली आले. २०१८ मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्याची गावे घेण्यात आली व वृक्षलागवडीला अनुदान मिळाले. परंतु पहिली दोन-तीन वर्षे रोपांना गोडे पाणी कोठून द्यावयाचे? शेततळ्याखेरीज दुसरा मार्ग आम्हांस दिसत नाही, आणि शेततळ्यासाठी कोरडवाहू शेतकऱ्याला आपल्या तुटपुंज्या जमिनीचा तुकडा सोडावा लागतो. शिवाय साग, मोह यांसारखी झाडे स्वतःच्या शेतातील असली तरी १९६४ च्या वृक्षतोड कायद्यान्वये परवानगीवाचून तोडता येत नाहीत. नातवासाठी लावलेला साग विकताना कागदपत्रे गोळा करीत फिरावे लागेल, हे ठाऊक असलेला शेतकरी रोप घेताना हात आखडतो.

आणि जो मक्त्याने शेत करतो, त्याचे काय? पुढील अक्षय्यतृतीयेला तेच वावर त्याच्याकडे राहील याची खात्री नसते. दहा वर्षांनी आधार देणारे झाड तो दुसऱ्याच्या धुऱ्यावर लावील, अशी अपेक्षा कोणत्याही योजनेने त्याच्याकडून करू नये. अनुदान सातबाऱ्यावरील नावाकडे पाहून मिळते आणि त्या उताऱ्यावर त्याचे नाव नसते.