आईची झोळी, पोराचा झुला



बुद्धजयंतीला आम्ही सहकुटुंब गावी जातो. महाड तालुक्यातले आमचे गाव, गावाच्या कडेला बौद्धवाडी, वाडीत छोटेसे विहार आणि विहारामागे आमचे कौलारू घर. यंदा मात्र आमच्या सामानात एक नवी वस्तू होती. थोरला मुलगा कॉलेजात विज्ञान शाखेला शिकतो. मित्रांबरोबर गडकिल्ले फिरण्याचा त्याला नाद. सुट्टीत लहान मुलांच्या शिकवण्या घेऊन त्याने चार पैसे जमवले आणि त्यातून ९०० रुपयांचा हॅमॉक विकत घेतला. हॅमॉक म्हणजे दोन झाडांना बांधून त्यात अधांतरी झोपायचा कापडी झुला.

"नऊशे रुपये? झोळीला?" आमच्या पत्नीने विचारले. "अरे, घरात चार जुन्या साड्या पडल्यात. मला सांगायचंस, शिवून दिली असती!"

खरे म्हणजे आमच्याही मनात तेच होते. पण पोराने स्वतःच्या कमाईतून आणलेली पहिलीच वस्तू, म्हणून आम्ही गप्प बसलो. वस्तू तशी गमतीची. मूठभर पिशवीत मावणारी, वजनाला अर्धा किलो. पिशवी उलटी केली की आतून नऊ फूट लांब आणि साडेचार फूट रुंद असे पातळ नायलॉनचे कापड निघते. पॅराशूटचे कापड असते तसल्या जातीचे. दोन टोकांना दोन लोखंडी कड्या आणि झाडाला गुंडाळायला दोन रुंद पट्टे. २०० किलो वजन पेलते, असे पिशवीवर छापलेले होते.

गावी पोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा विहारावर पताका लावायला गेला. घराच्या मागे रायवळ आंबा आणि फणस अशी दोन झाडे बारा-तेरा फुटांवर उभी आहेत. आम्हाला वाटले, यात काय विशेष आहे? आपणच बांधून ठेवू. आंब्याचा बुंधा इतका जाड की त्याला पट्टा पुरेना. मग आम्ही विहिरीवरचा जुना दोर आणला, पट्टा बाजूला ठेवला आणि बाजेची नवार ताणावी तसा झुला अगदी खेचून, सरळ रेषेत बांधला. वाडीतली पोरे जमली होती. आम्ही ऐटीत आत बसलो, पाय वर घेतले आणि दोर तुटला. आम्ही सपशेल जमिनीवर! कंबर दोन दिवस दुखत होती, आणि पोरांचे हसणे त्याहून जास्त दिवस चालू होते.

मुलगा आला तेव्हा त्याने आमची चूक समजावून सांगितली. ती आम्ही वाचकांसाठी मुद्दाम देतो. दोर जुना होता हे खरेच, पण खरी चूक ताणून बांधण्यात होती. झोपणाऱ्याचे वजन ७० किलो धरा. पट्टे झाडाकडे ३० अंशांच्या चढाने गेलेले असतील, तर प्रत्येक पट्ट्यावर साधारण ७० किलोच ताण येतो. तोच झुला खेचून चढ १० अंशांवर आणला, तर प्रत्येक बाजूला २०० किलोंचा ताण पडतो. म्हणजे माणूस तोच, वजन तेच, पण ताण जवळजवळ तिप्पट! म्हणून झुला केळ्यासारखा बाक देऊन बांधायचा. अर्थात अगदी सैल सोडला तर माणूस जमिनीला टेकतो, हेही आलेच.

हे ऐकताना आम्हाला सोण भिक्खूची गोष्ट आठवली. साधना करताना चालून चालून त्याच्या पायांतून रक्त येऊ लागले, तरी मनाला शांती लाभेना. तो गृहस्थाश्रमात असताना वीणा वाजवीत असे. तथागतांनी त्याला तिचीच आठवण करून दिली. तारा फार ताणल्या तर वीणा नीट वाजत नाही आणि फार सैल सोडल्या तरी वाजत नाही. प्रयत्नांचेही तसेच आहे. ही गोष्ट आम्ही विहारात कितीदा तरी सांगितली असेल. पण ती नीट समजायला कंबरेवर पडावे लागले!

मग मुलाने झुला पुन्हा बांधला. पट्टा पुरत नव्हता तिथे विहारातून मंडप बांधायचा नवा जाड दोर आणून जोड दिला. पट्टे डोक्याच्या उंचीवर, झुल्याचा तळ गुडघ्याच्या उंचीवर. आधी मधोमध बसायचे, हाताने दाबून वजन देऊन पाहायचे, मगच पाय वर घ्यायचे. आत सरळ न झोपता थोडे तिरके झोपायचे, म्हणजे पाठ सपाट राहते आणि मान अवघडत नाही. आम्ही तसे झोपलो. वर आंब्याची पाने, खालून वारा. कार्यालय, लोकल, पतपेढीचा हप्ता, सगळे काही काळ विसरलो. पोर ९०० रुपये उगाच घालवून बसला नव्हता, हे आम्ही मनात कबूल केले.

उणिवाही सांगतो. डास खालून कापडातूनसुद्धा चावतात. थंडीच्या दिवसांत खालून वारा लागून पाठ गारठते, तेव्हा अंगाखाली चटई किंवा घोंगडी हवीच. उन्हात दिवसेंदिवस टांगून ठेवले तर नायलॉनचे कापड कमजोर होते, म्हणून काम झाले की सोडून ठेवावे. शेवग्याच्या झाडाला बांधू नये, त्याचे लाकूड ठिसूळ असते. विजेच्या खांबाला, लेण्यांच्या खांबांना, विहाराच्या बोधिवृक्षाला तर कदापि बांधू नये. झुल्याखाली दगडधोंडे असू नयेत. आणि तान्ह्या बाळाला यात एकटे झोपवू नये. त्याची हनुवटी छातीला टेकली तर श्वास कोंडू शकतो.

असे दोन दिवस गेले. वाडीतली सगळी पोरे, आमच्या पत्नी, शेजारची मंडळी, सर्वांनी झुल्यात बसून घेतले. बसली नाही ती फक्त आमची आई. पत्नीच्या लक्षात आले की ती गोठ्याकडे जातानासुद्धा आंब्याखालची वाट टाळते आणि घराला वळसा घालून जाते. संध्याकाळी आम्ही तिच्यापाशी बसलो आणि कारण विचारले. ती म्हणाली, "तुझ्या काकीला अशीच नेली होती ना रे."

आम्हाला ते आठवत होते, पण इतकी वर्षे कुणी उच्चारले नव्हते. साल १९८७, आषाढ महिना. आम्ही सात वर्षांचे होतो. काकीचे दिवस भरले होते आणि रात्री कळा सुरू झाल्या. त्या वेळी वाडीला रस्ता नव्हता. डांबरी सडक तीन किलोमीटरवर. वडिलांनी आणि वाडीतल्या तिघांनी घोंगडीची झोळी केली, बांबूला बांधली आणि काकीला तिच्यात घालून खांद्यावर घेतली. वाटेतल्या पऱ्याला पाणी आले होते. ते उतरेपर्यंत पावसात थांबावे लागले. सडक गाठली तेव्हा काकी नव्हती. बाळही नव्हते. दोन झाडांमध्ये लोंबणारे कापड पाहिले की आईला तेच दिसत होते.

आणि याच आईने आम्हाला झोळीतच वाढवले. लावणीच्या दिवसांत बांधावरच्या झाडाला जुन्या लुगड्याची झोळी बांधायची, त्यात आम्हाला टाकायचे आणि गुडघाभर चिखलात उतरायचे. पोर रडले की मुकादमाच्या कपाळावर आठी. तिला झोळी माहीत होती ती दोनच कामांसाठी. बाळाला टांगायला आणि आजाऱ्याला न्यायला. स्वतःला आडवे होण्यासाठीही झोळी असते, हे तिच्या गावीही नव्हते.

मुलाने सांगितले की हॅमॉक हा शब्द मुळात कॅरिबियन बेटांवरच्या ताईनो लोकांचा. सुती जाळीच्या झुल्यात ते झोपत. १४९२ साली कोलंबस तिथे उतरला, त्याने हे झुले पाहिले आणि युरोपच्या जहाजांवर खलाशांना तेच अंथरूण मिळाले. ज्यांनी जगाला हा विसावा दिला, ते ताईनो मात्र परक्यांनी आणलेल्या रोगराईने आणि सक्तीच्या मजुरीने काही दशकांतच फार मोठ्या संख्येने मेले. पुढे जहाजावर खलाशी मेला की त्याला त्याच्याच झुल्यात शिवून समुद्रात सोडीत. आई हे ऐकत होती. म्हणाली, "म्हणजे तिकडंबी तसंच."

बंधू-भगिनींनो, विसावा ही चैनीची गोष्ट आहे, असे आपल्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेले. बाबासाहेबांनी मात्र तसे मानले नाही. १९२८ साली मुंबई विधिमंडळात स्त्री कामगारांच्या प्रसूती लाभाचे विधेयक आले. तेव्हा बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी बाजू त्यांनी ठामपणे मांडली. १९२९ साली तो कायदा झाला. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते सांभाळताना त्यांनी १९४६ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले आणि आठवड्याचे काम ५४ तासांवरून ४८ तासांवर आले. पुढे १९४८ च्या कारखाने कायद्यात, ५० हून अधिक स्त्रिया कामाला असतील तिथे त्यांच्या मुलांसाठी पाळणाघर हवे, अशी तरतूद झाली. म्हणजे झाडाला टांगलेल्या झोळीच्या जागी चार भिंतींची खोली! पण शेतमजूर बाईच्या वाट्याला यातले काय आले? आमच्या आईला ना बाळंतपणाची रजा मिळाली, ना पाळणाघर. आजही पावसाळ्यात आदिवासी पाड्यांवरच्या बाळंतिणीला झोळीतून नेल्याच्या बातम्या आपण वाचतो. आमच्या वाडीला रस्ता झाला, म्हणून प्रश्न संपला असे होत नाही.

पौर्णिमेच्या दिवशी विहारात वंदना झाली, खीरदान झाले. दुपारी सगळे पांगले. आई आंब्याखाली येऊन उभी राहिली. हा आंबा आमच्या आजोबांनी लावलेला. आजोबांची उमेद खोताच्या शेतात राबण्यात गेली. बाबासाहेबांनी १९३७ साली खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. कायदा व्हायला मात्र १९४९ साल उजाडले. खोती गेली आणि घरामागची ही जागा आपली झाली, तेव्हा आजोबांनी पहिले काम केले ते हे रोप लावण्याचे.

नातू म्हणाला, "आजी, पणजोबांनी हे झाड कशाला लावलं?"

"सावलीला," आई म्हणाली. मग थोड्या वेळाने, "पण मामंजी दुपारचे कधी आडवे झालेले मी बघितले नाहीत. आंगवळणीच नव्हतं."

नातवाने झुला दोन्ही हातांनी घट्ट धरला. पत्नीने आईला आधार दिला. ती बसली, पण पाय बराच वेळ जमिनीवरच होते. मग तिने एक पाय वर घेतला, नंतर दुसरा. लुगड्याचा पदर तोंडावर ओढला. आम्हाला वाटले, आता उठेल. ती उठली नाही. पाऊण तास ती तिथे झोपली. आम्ही चौघे ओटीवर न बोलता बसून होतो, आणि शेजारच्या पोरांनाही आम्ही हाताने खूण करून दूर पाठवले.

उठल्यावर तिने आधी सूर्य किती कलला ते पाहिले आणि ओशाळून म्हणाली, "भांडी तशीच पडलीत." भांडी केव्हाच घासून झाली होती. नातवाने घासली होती.

निघायच्या दिवशी मुलगा झुला सोडायला गेला, तर आईने विचारले, "ही नेणार काय रे?" त्याने झुला घडी करून पिशवीत भरला आणि पिशवी तिच्या हातात दिली. कसा बांधायचा ते शेजारच्या मुलाला दोनदा करून दाखवले. विहारातला दोर परत करायचा होता, म्हणून आम्ही महाडच्या बाजारातून तिला नवा जाड दोर आणून दिला.

तुमच्याही घरात अशी एखादी आई, आजी, मावशी असेल. जन्मभर तिने इतरांना झोळीत झोपवले असेल. नऊशेचा झुला आणा असे आम्ही म्हणत नाही. नव्या जाड चादरीचा करा, खाट टाका, चटई अंथरा. पण भर दुपारी तिला आडवे व्हायला सांगा, आणि तोवर भांडी तुम्ही घासा.

जयभीम! नमो बुद्धाय!