विश्लेषण : पहिल्या मॅरेथॉनमध्ये अधूनमधून चालणं कमीपणाचं का नाही?

पावसाळा सुरू झाला की जोगेश्वरी-गोरेगाव पट्ट्यात पहाटे पळणाऱ्यांची संख्या वाढते. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉन असते आणि पहिल्यांदा ४२.१९५ किलोमीटर पळायचं तर तयारी पाच-सहा महिने आधीच सुरू करावी लागते. या नवख्यांच्या प्रत्येक व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो : मध्ये थोडं चाललं तर चालतं का? त्यावर बहुतेक वेळा ‘जमलं तर टाळ’ असं उत्तर मिळतं. माझ्या मते हे उत्तर चुकीचं आहे. पहिली मॅरेथॉन साडेचार-पाच तासांच्या पुढे जाणार असेल, तर चालायलाच हवं. तेही दम लागल्यावर नाही, पहिल्या किलोमीटरपासून, घड्याळ लावून.

चालण्याची लाज येते कुठून?

शाळेच्या मैदानातून. पीटीच्या तासाला जो चालायला लागला तो ‘बाद’, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. त्यात आता स्ट्राव्हाची भर पडली आहे. सकाळचा सरासरी पेस सगळ्या ओळखीच्यांना दिसतो आणि एक मिनिट चाललं की तो आकडा बिघडतो. मुंबईत आणखी एक गंमत आहे. इथे मॅरेथॉनच्याच दिवशी ‘ड्रीम रन’ असते. त्यात लोक वेगवेगळे पोशाख घालून, सेल्फी काढत, रमतगमत चालतात. त्यामुळे चालणं म्हणजे ड्रीम रन आणि पळणं म्हणजे ‘खरी’ मॅरेथॉन, अशी विभागणी आपोआप झाली आहे.

प्रत्यक्षात मॅरेथॉनच्या नियमांत चालायला बंदी नाही. १९७५ ची बोस्टन मॅरेथॉन जिंकणारे बिल रॉजर्स शर्यतीत पाणी प्यायला आणि बुटाची नाडी बांधायला चक्क थांबले होते. वेळ होती २ तास ९ मिनिटं ५५ सेकंद, त्या काळचा अमेरिकेचा विक्रम. आणि ‘रन-वॉक-रन’ पद्धत रुजवली ती जेफ गॅलोवे यांनी. हे १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये १० हजार मीटर पळालेले धावपटू. कधीच न पळालेल्या माणसांना शिकवताना, सत्तरच्या दशकात, त्यांनी ही पद्धत बसवली.

आपल्याकडे सातारा हिल मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरच्या घाटात अर्धे लोक चालताना दिसतात आणि कोणी नाक मुरडत नाही. चढ दिसतो म्हणून तिथे चालणं माफ असतं. सपाट रस्त्यावरचा तिसावा किलोमीटरही एक चढच असतो, फक्त तो दिसत नाही.

दमल्यावर चालणं आणि दमण्याआधी चालणं

सगळा फरक इथे आहे. पाच तास पळणारा माणूस चाळीस हजारांहून जास्त पावलं टाकतो. पळताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार एका पायावर येतो. चालताना एक पाय कायम जमिनीवर असल्यामुळे हा भार वजनाच्या थोडाच वर राहतो. पोटऱ्या, मांड्या आणि गुडघ्यांभोवतीचे स्नायू या आदळआपटीने हळूहळू दुखावत जातात. ते एकदा दुखावले की त्या दिवशी भरून येत नाहीत. पस्तिसाव्या किलोमीटरला पोटऱ्यांत गोळे आल्यावर चालणं हा ब्रेक नसतो, ती शरणागती असते. पाचव्या मिनिटाला घेतलेला एक मिनिटाचा ब्रेक त्या स्नायूंना पुढच्या चार मिनिटांसाठी ताजं ठेवतो.

दुसरा मुद्दा इंधनाचा. यकृत आणि स्नायूंत मिळून साठवलेली साखर साधारण दोन हजार कॅलरींची असते. ७० किलो वजनाच्या माणसाला मॅरेथॉनला त्याहून बरंच जास्त लागतं. तिसाव्या किलोमीटरच्या आसपास अचानक पाय जड होतात, रनर ज्याला ‘वॉल’ म्हणतात, त्याचं मोठं कारण हेच. चालल्याने ही टाकी मोठी होत नाही. पण एकूण श्रम कमी राहिले की शरीर चरबीतून जास्त ऊर्जा घेतं आणि टाकी उशिरा रिकामी होते.

वेळ वाया जातो का? आकडे मांडून बघू

इंजिनीअरिंगची चार वर्षं कुठे तरी कामाला यावीत, म्हणून हे गणित. समजा तुमचा आरामातला पेस आहे ७ मिनिटांना एक किलोमीटर. चालण्याचा वेग १० मिनिटांना एक किलोमीटर. चार मिनिटं पळायचं, एक मिनिट चालायचं. पाच मिनिटांत साधारण ६७० मीटर होतात, म्हणजे सरासरी पेस ७ मिनिटं २७ सेकंद. पूर्ण मॅरेथॉन ५ तास १४ मिनिटांत.

न थांबता त्याच पेसने पळत राहिलात तर ४ तास ५५ मिनिटं. म्हणजे कागदावर १९ मिनिटांचा तोटा.

पण पहिल्यांदा पळणारा माणूस त्याच पेसने शेवटपर्यंत क्वचितच टिकतो. समजा तो २८ किलोमीटरपर्यंत न थांबता पळाला आणि मग पाय संपले. उरलेले १४ किलोमीटर तो फरफटत, साडेदहा मिनिटांना एक किलोमीटर या वेगाने गेला. एकूण वेळ ५ तास ४५ मिनिटं. ‘चालणारा’ त्याच्या अर्धा तास आधी मेडल गळ्यात घालून पोहे खात असेल.

हेच गणित उलटं सोडवलं तर आणखी मजेशीर आकडा मिळतो. न थांबता पळणं फायद्याचं ठरायला तुमचे पाय साधारण ३७ व्या किलोमीटरपर्यंत शाबूत राहायला हवेत. त्याची खात्री असेल तर खुशाल पळा. पण पहिल्या मॅरेथॉनच्या सरावात बहुतेकांचा सर्वात लांब रन ३० ते ३२ किलोमीटरचा असतो. त्यापुढचा रस्ता पायांनी पाहिलेलाच नसतो.

संशोधन काय सांगतं?

जर्मनीत कासेल मॅरेथॉनमध्ये ४२ हौशी धावपटूंवर एक अभ्यास झाला, तो २०१६ मध्ये छापून आला. एक गट सलग पळाला, दुसरा दर अडीच किलोमीटरला एक मिनिट चालला. सरासरी वेळ अनुक्रमे ४ तास ७ मिनिटं आणि ४ तास १४ मिनिटं. फरक फार नाही. शर्यतीनंतर चालणाऱ्या गटात स्नायूंचं दुखणं आणि थकवा मात्र कमी होता. सोमवारी सकाळी ८.४० ची लोकल पकडायची असलेल्या माणसाला ही सात मिनिटं स्वस्तच पडतील.

पण त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट ग्रुपवर कोणी फॉरवर्ड करत नाही. हृदयावरचा ताण दोन्ही गटांत सारखाच आढळला. म्हणजे चालण्याचे ब्रेक पायांना वाचवतात, हृदयाला त्यातून सूट मिळत नाही. चाळिशी ओलांडलेली असेल, रक्तदाब किंवा मधुमेह असेल, घरात हृदयविकाराचा इतिहास असेल, तर नोंदणीच्या आधी डॉक्टरांकडे जायला पर्याय नाही. आणि सरावात छातीत दुखलं तर ‘एक मिनिट चालून बघू’ असं करू नका. थांबा आणि तपासून घ्या.

जोगेश्वरीतून सराव करणाऱ्यांसाठी

मुंबईचा रनर जानेवारीच्या गारव्यात शर्यत पळतो, पण सराव करतो पावसात आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात. दमट हवेत घाम सुकत नाही, नुसता ओघळतो. त्यामुळे शरीर थंड होत नाही. परदेशी ट्रेनिंग प्लॅन इथे जसाच्या तसा वापरणारे ऑक्टोबरमध्ये गळतात ते यामुळेच. या महिन्यात प्रमाण बदला : ४:१ चं ३:१ किंवा २:१ करा. नोव्हेंबरअखेरीस परत ४:१ वर या.

रस्त्याचा प्रश्न वेगळाच. जेव्हीएलआरवर मेट्रो ६ च्या कामाने आणि अवजड गाड्यांनी पळणं जिकिरीचं केलं आहे. द्रुतगती मार्गाच्या सर्व्हिस रोडवर धूर. म्हणून बहुतेकांची पावलं आरेकडे वळतात. तिथले छोटे चढ-उतार ब्रेकच्या सरावाला उत्तम आहेत. एक सूचना : चढ आला म्हणून नाही, घड्याळ वाजलं म्हणून चाला. मन लावून पाळायची शिस्त तीच आहे, कारण पहिल्या तासात पाय ताजे असताना चालणं हेच सगळ्यात अवघड जातं. शेजारून लोक पुढे जात राहतात आणि अहंकार दुखतो. (आरेत बिबट्याचा वावर आहे, तेव्हा उजाडल्यावर आणि सोबतीनेच जा.)

अगदी नवखे असाल तर एक मिनिट पळणं, एक मिनिट चालणं इथून सुरुवात करा. गॅलोवे यांनी पुढे चालण्याचा अवधी ३० सेकंदांपर्यंत खाली आणला, कारण फार वेळ चाललं की पाय आखडतात. जे प्रमाण ठरेल तेच लाँग रनमध्ये वापरा, शर्यतीच्या दिवशी नवा प्रयोग नको.

ब्रेकमध्ये पाणी पिणं सोयीचं जातं, पण प्रत्येक ब्रेकला बाटली रिकामी करू नका. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम प्रमाणापेक्षा कमी झालेलं आढळलं. त्यात चार तासांहून जास्त वेळ लागलेल्यांना आणि शर्यतीत पाणी पिऊन वजन वाढलेल्यांना धोका अधिक होता. आपण नवखे नेमके याच वेगाचे. तहान लागेल तेवढंच प्या.

शर्यतीच्या दिवशी सीएसएमटीहून निघताना गर्दी इतकी असते की अचानक थांबलात तर मागचा अंगावर येईल. ब्रेकच्या पाच-सहा सेकंद आधी हात वर करा, डाव्या कडेला या आणि मग चाला. ‘कम ऑन, चालू नका!’ असं ओरडून प्रोत्साहन देणारे प्रेक्षक वाटेत भेटतीलच. हात हलवून हसा आणि आपला मिनिट पूर्ण करा.