व्यायामाचा उपदेश आणि खाड्याचा दंड

२९ ऑगस्ट २०१९ रोजी दिल्लीत पंतप्रधानांच्या हस्ते ‘फिट इंडिया’ मोहिमेचा प्रारंभ झाला आणि देशाला हातपाय हलविण्याचा उपदेश करण्यात आला. त्याच वर्षी महाराष्ट्रात नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समिती बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांची चौकशी करीत होती. पाहणी झालेल्या ८२ हजारांवर स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढली गेल्याचे आढळून आले. पहाटेच्या अंधारात फडात उतरून दिवसभर वाकून ऊस तोडणाऱ्या आणि डोक्यावर मोळ्या वाहून गाडी भरणाऱ्या या स्त्रियांच्या आयुष्यात व्यायाम कमी पडला, असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. त्यांच्या आयुष्यात कमी पडली ती विश्रांती, आणि आजारी पडण्याचा हक्क.

व्यायामाचे शास्त्र खोटे नाही. १९५३ साली डॉ. जेरेमी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकाराचा उपद्रव कमी होतो, असे त्यांना दिसून आले. मात्र या निष्कर्षाचा सरसकट अर्थ लावून ‘जितके कष्ट तितके आरोग्य’ असे सूत्र बनविणे ही शुद्ध फसवणूक आहे. कोपनहेगनमधील एक लाखाहून अधिक लोकांच्या अभ्यासाचे जे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले, त्यांनी या सूत्राला छेद दिला. फुरसतीच्या वेळातील शारीरिक हालचाल हृदयविकाराचा धोका कमी करते. पोटासाठी करावी लागणारी जड शारीरिक मेहनत तो वाढविते.

यात गूढ काही नाही. व्यायाम करणारा माणूस तासाभराने थांबतो, जेवतो, झोपतो. दुखले तर दुसऱ्या दिवशी करीत नाही. मजुराच्या हृदयाची गती आणि रक्तदाब तासन् तास चढलेला राहतो आणि ओझे केव्हा खाली ठेवायचे हे दुसराच कोणी ठरवितो. शरीर कमावले जाते की झिजते, हे केवळ हालचालीवर अवलंबून नसते. थांबण्याची सत्ता कोणाच्या हाती आहे, यावर ते ठरते. म्हणून हा प्रश्न वैद्यकाइतकाच मालकी-संबंधांचा आहे.

आजारपणात काम करावे लागणे हे या सत्ताहीनतेचे टोक होय. लंडनच्या सरकारी नोकरांच्या अभ्यासातून २००५ साली असे निष्पन्न झाले की, प्रकृती बरी नसतानाही ज्या पुरुष कर्मचाऱ्यांनी एकही रजा घेतली नाही, त्यांच्यात हृदयविकाराच्या गंभीर घटनांचे प्रमाण माफक रजा घेणाऱ्यांच्या दुप्पट होते. ही गोष्ट खुर्चीत बसून काम करणाऱ्या, पगारी रजा मिळणाऱ्या नोकरांची. जिथे रजाच नाही आणि काम कोयत्याचे आहे, तिथे काय होत असेल, याची कल्पना करण्यास शास्त्रज्ञाची गरज नाही.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. हंगामापूर्वी मुकादमाकडून घेतलेली उचल त्या जोडीने फेडायची असते. एकाने अंग टाकले की दुसऱ्याचे कामही अडते. एक दिवस चुकला तर मजुरी बुडते, वर खाड्याचा दंड उचलीत मिळविला जातो. मग ताप अंगावर काढला जातो, वेदनाशामक गोळी खाऊन फड गाठला जातो. पाळीच्या आणि गर्भाशयाच्या दुखण्यावर कोपीत ना पाणी ना आडोसा. अखेरीस दुखण्याचे मूळच काढून टाकावे, म्हणजे खाडा होणार नाही, हा सल्ला बाईला पटतो. कर्ज काढून शस्त्रक्रिया होते आणि ते कर्ज फेडण्यासाठी पुन्हा कोयता हाती येतो.

आजारी कामगाराला वेतन मिळावे ही मागणी या भूमीत नवी नाही. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या गिरणी कामगारांनी जे निवेदन केले, त्यात रविवारच्या सुटीबरोबरच कामावर जखमी झालेल्यास बरे होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, अशी मागणी होती. प्रा. बी. पी. अदारकर यांच्या १९४४ च्या अहवालाच्या पायावर १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा उभा राहिला आणि पुढे आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के भत्ता मिळू लागला. परंतु या कायद्याने हंगामी कारखाने वगळले आणि त्यांच्या व्याख्येत साखरेचे नाव घातले. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही हंगामी कारखान्यास बाहेरच ठेवले. जिथे कारखान्याच्या भिंतीआडच्या कामगारालाच कायद्याने दार बंद केले, तिथे भिंतीबाहेर फडात राबणाऱ्याला कोण विचारणार?

अशी सवलत दिल्यास मजूर खोटे आजारपण काढतील, ही मालकवर्गाची जुनी हाकाटी आहे. ज्याचे घर रोजच्या मोळ्यांवर चालते त्याला अंथरुणाची हौस नसते. राहिला पैशाचा प्रश्न. १९६९ च्या माथाडी कायद्याने मालकाकडून मजुरीबरोबरच लेव्ही वसूल करून विखुरलेल्या हमालांना भविष्यनिर्वाह निधी आणि रजेचे वेतन देता येते, हे महाराष्ट्रातच सिद्ध केले आहे. साखरेच्या प्रत्येक पोत्याचा हिशेब ठेवणाऱ्या कारखान्यांना तोडणाऱ्या माणसांची नोंद ठेवणे अशक्य आहे, असे कोणी सांगू नये.

तेव्हा मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. खाड्याचा दंड बेकायदा ठरवून तो घेणाऱ्यास शिक्षा व्हावी. ऊसतोड मजूर हा कारखान्याचाच कामगार मानून नवरा आणि बायको यांची स्वतंत्र नोंद व मजुरी व्हावी. आजारपणात आणि बाळंतपणात भरपगारी रजा मिळावी. तिचा बोजा गाळपावर बसावा. प्रत्येक तळावर पाणी, संडास आणि ठरलेल्या दिवशी डॉक्टर असावा. डोक्यावरील ओझ्यावर मर्यादा यावी. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ सालीच प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोची शिफारस केली असून स्त्रियांसाठी ती त्याहून पुष्कळ कमी असावी, असे म्हटले आहे.

कार्यकर्त्यांनी येत्या हंगामात तळातळावर जाऊन खाड्यांची नोंद करावी: कोण आजारी असताना कामावर गेले, किती दंड कापला, कोणत्या कारखान्याच्या फडात. ही वही कारखान्याच्या वार्षिक सभेत आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीत ठेवली गेली पाहिजे. व्यायामाचा उपदेश श्रमिकांना जरूर करावा. पण आधी त्यांना आठ तासांचा दिवस, पोटभर अन्न आणि दुखेल त्या दिवशी थांबण्याचा हक्क मिळवून द्यावा. विसावा मिळालेले शरीरच आपल्या मर्जीने धावू शकते.