खताचा काळा अर्क जमिनीत का टिकत नाही?

पावसाळ्यात उकिरड्याच्या पायथ्याशी कोऱ्या चहासारखे काळसर पाणी साचते आणि ओघळीने नाल्याला मिळते. त्याची खंत सहसा कोणास वाटत नाही. तो रंग पाण्यात विरघळलेल्या सेंद्रिय कर्बाचा असतो. शेतात पसरलेल्या खतातूनही असाच अर्क सुटतो. तो जमिनीत थांबेल की पाण्याबरोबर निघून जाईल, हे पुष्कळसे जमिनीच्या घडणीवर ठरते.

कोकणातील जांभ्याच्या जमिनीत लोह व ॲल्युमिनियम यांची संयुगे विपुल असतात. त्यांच्या कणांवर हा अर्क घट्ट जखडला जातो. देशावरील काळ्या जमिनीत हेच कार्य चिकणमाती व चुना मिळून करतात. तेथे मातीचा कण आणि सेंद्रिय द्रव्य दोन्ही ऋणभारित, म्हणजे एकमेकांस दूर लोटणारे. चुन्यातील कॅल्शियम त्यांच्यामध्ये सांध्याप्रमाणे बसते. ज्यास प्रत्यय हवा असेल त्याने बुडाशी भोके पाडलेल्या एका डब्यात धुतलेली वाळू व दुसऱ्यात जांभ्याची माती भरावी, वरून खताचे गाळलेले पाणी हळूहळू सोडावे आणि खाली उतरणाऱ्या पाण्याचे रंग ताडून पाहावेत. माती मात्र खालच्या थरातील घ्यावी. वरच्या मातीतील जागा बऱ्याचशा आधीच भरलेल्या असतात.

खरी चिंता आहे ती कालव्याखालील चोपण जमिनींची. अमर्याद पाणी आणि निचऱ्याचा अभाव यांमुळे तेथे कॅल्शियमची जागा सोडियम घेते. त्याला सांधा जोडता येत नाही. मातीचे कण विखुरतात, सामू ८.५ च्या वर चढतो, सेंद्रिय द्रव्य सुटून पाण्यात उतरते, व पाणी सुकले की पृष्ठभागावर काळसर थर उरतो. या काळेपणास कस समजणे ही मोठीच फसगत होय.

अशा शेतात दरवर्षी केवळ गाड्या भरभरून शेणखत घालण्याचा सल्ला अपुरा आहे, आणि तो देणारे सारेच अडाणी नसतात. प्रथम निचऱ्याचे चर, नंतर माती परीक्षणानुसार जिप्सम व त्याच्या जोडीला शेणखत, हा क्रम सोडून चालणार नाही. जिप्सममधील कॅल्शियम सोडियमला हुसकावते खरे. परंतु त्यास बाहेर पडावयास वाट नसेल तर ते तेथेच मुक्काम करते. ही वाट बहुधा खालच्या शेतकऱ्याच्या बांधातून जाते. म्हणून जिप्समची पोती उतरविण्यापूर्वी ग्रामकार्यकर्त्याने ओळीतील सर्व खातेदारांना एकत्र बसवून चराची दिशा ठरवून घ्यावी.