अळी ‘सरावली’ नाही!

विदर्भ-मराठवाड्याच्या कापूसपट्ट्यात गेली काही वर्षे एक वाक्य सर्रास ऐकू येते : ‘गुलाबी अळी आता बीटीला सरावली.’ कृषी केंद्राचा दुकानदार ते म्हणतो, अधिकारी म्हणतो, आणि आपले कार्यकर्तेही निवेदनात तेच लिहून मोकळे होतात. हे वाक्य चुकीचे आहे, आणि ही चूक केवळ शब्दाची नाही. अळी सरावली असे म्हटले की सारा प्रकार निसर्गाचा कोप ठरतो, आणि ज्यांनी तो घडू दिला ते सगळे निर्दोष सुटतात.

कोणतीही एक अळी विषाला सरावत नसते. बीटी कपाशीतील विषारी प्रथिन अळीच्या आतड्यातील ठराविक जागी चिकटते, पेशींना भोके पडतात आणि अळी मरते. परंतु असंख्य अळ्यांत क्वचित एखादीच्या जनुकांत जन्मतःच असा बदल असतो की विषाला चिकटायला जागाच मिळत नाही. हा बदल आई आणि बाप या दोघांकडून आला, तरच ती बहुधा वाचते. बाकीच्या मेल्या, ही जगली. पुढच्या पिढीत हिच्या संततीचे प्रमाण वाढले. व्यक्ती बदलली नाही; समूहाची घडण पिढ्यांमागून पिढ्या बदलत गेली. १८५९ साली डार्विनने मांडलेली नैसर्गिक निवड ती हीच. माकडाचा माणूस होताना कोणी पाहिले, असे विचारणाऱ्यांनी यवतमाळच्या कोणत्याही शिवारात जाऊन एक बोंड फोडून पाहावे.

उत्क्रांती अटळ असली, तरी तिचा वेग अटळ नसतो. शेताच्या काही भागात बिगर-बीटी कपाशी लावली, तर तिथे साध्या अळ्या जगतात. त्यांच्या पतंगांशी प्रतिकारक्षम पतंगांचा संकर होतो आणि संततीला प्रतिकाराचा एकच वारसा मिळून ती बीटीवर मरते. आपल्याकडे हिरव्या बोंडअळीला तूर-हरभऱ्यावर असा आसरा आपोआप मिळतो. गुलाबी अळी मात्र जवळजवळ केवळ कापसावर जगते. तिच्यासाठी तो मुद्दाम ठेवावा लागतो. म्हणूनच २००२ साली बीटीला परवानगी देताना २० टक्के क्षेत्राची किंवा कडेच्या पाच ओळींची अट घातली गेली. ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅम बिगर-बीटी सरकी दिली, की अट पुरी झाली असे सर्वांनी मानले.

पुढचा इतिहास लपलेला नाही. २०१० साली गुजरातच्या चार जिल्ह्यांत पहिल्या बीटीला गुलाबी अळी दाद देत नसल्याचे खुद्द मोन्सॅन्टोने मान्य केले. उपाय म्हणून दोन विषे असलेल्या, २००६ पासून विक्रीस असलेल्या दुसऱ्या बीटीकडे बोट दाखवण्यात आले. पण पहिले विष निकामी झालेले असताना ‘दोन विषे’ म्हणजे प्रत्यक्षात एकच विष, हे सांगायला कोणी पुढे आले नाही. २०१७ साली महाराष्ट्रात बोंडेच्या बोंडे किडली. त्याच पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर मेले. फवारणी कमी होईल, हेच तर या बियाण्याचे आश्वासन होते!

‘शेतकऱ्यांनी आसऱ्याच्या ओळी लावल्या नाहीत, म्हणून हे घडले,’ असे आता सांगितले जाते. लावल्या नाहीत, हे खरे आहे. पण चार-पाच एकर कोरडवाहू जमीन असलेल्या माणसाने आपल्या हाताने काही ओळी किडीला वाढून द्यायच्या, आणि त्याचा लाभ साऱ्या तालुक्याला व्हायचा! बीटीने मरणारी अळी ही गावाची सामाईक ठेव होती. तिचे जतन एकेकट्याच्या शहाणपणावर सोपवणे हाच मूळ अपराध.

त्यात संकरित बियाण्याची भर पडली. इतर देशांत बीटी कापूस प्रामुख्याने सरळ वाणांत आला. आपल्याकडे तो संकरित वाणांतच आणला गेला, कारण संकरित बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते. या वाणांचा हंगाम लांबतो, त्यावर फरदड घेतली जाते आणि अळीच्या पिढ्यांमागून पिढ्या निघतात. शिवाय संकरित झाडाच्या बोंडातील प्रत्येक सरकीत विष सारखे नसते, आणि गुलाबी अळी सरकीच खाते. म्हणजे प्रतिकारक्षम अळ्या निवडून काढण्याची शाळाच प्रत्येक बोंडात भरली. याउलट अमेरिकेत आसऱ्याची अट कसोशीने पाळली गेली, पुढे वांझ पतंग सोडले गेले, आणि २०१८ साली तेथील कापूसपट्ट्यातून गुलाबी अळी हद्दपार झाल्याचे जाहीर झाले. अळी तीच, विषही तेच. फरक व्यवस्थेचा होता.

आता दुसरी बाजू पाहा. जानेवारी २०१८ मध्ये केंद्रातील एका शिक्षण राज्यमंत्र्यांनी औरंगाबादेत डार्विनचा सिद्धांत अशास्त्रीय ठरवला. २०२३ साली ‘एनसीईआरटी’च्या दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला. बारावीच्या जीवशास्त्रात तो आहे, असे उत्तर मिळाले. पण दहावीनंतर शेतात, कारखान्यात, कला-वाणिज्य शाखेत जाणाऱ्या मुलांचे काय? पाकिटावरच्या अटीचा अर्थ ज्यांना कळला पाहिजे, त्यांच्याच हातून ती पाने काढून घेतली गेली. अज्ञान हेही एक खते-बियाण्यांचे मार्केट आहे.

आपल्या चळवळीनेही अंतर्मुख व्हावे. सोव्हिएत संघात १९४८ साली लायसेंकोच्या हट्टापायी आनुवंशशास्त्रावर बंदी आली. त्याआधी १९४३ साली वाव्हिलोव्हसारखा थोर शास्त्रज्ञ तुरुंगात मेला होता. सत्तेने निसर्गाला हुकूम सोडला की पीक बुडते, मग सत्तेचा झेंडा कोणताही असो. तेव्हा ‘जनुकबदल म्हणजेच विष’ अशी सोपी घोषणा आपण देऊ नये. विरोध विज्ञानाला नाही. विज्ञानाचा अर्धा भाग विकून उरलेला अर्धा दडवणाऱ्या व्यापाराला आहे.

मागण्या स्पष्ट आहेत. सार्वजनिक संशोधन संस्थांकडून कमी मुदतीचे सरळ वाण, गावोगावी आणि पुरेशा प्रमाणात. आसऱ्याचे बियाणे त्याच पाकिटात मिसळलेले, त्याची तपासणी सरकारची. फरदड सोडणाऱ्याला नुकसानभरपाई, आणि पऱ्हाटी संपूर्ण गावाने एकाच वेळी काढायची. आणि दहावीच्या प्रत्येक मुलाच्या हाती उत्क्रांतीचा धडा.

येत्या हंगामाआधी प्रत्येक शाखेने किमान एका गावात बोंड फोडून हा विषय समजावून सांगावा. अळीच्या पिढ्या एका हंगामात कितीतरी होतात. आपल्याला मात्र एका पिढीतच शहाणे व्हावे लागेल.