उद्योगांची प्रदक्षिणा

सहल म्हटली की आपल्याला गोव्याचा किनारा नाहीतर गोकाकचा धबधबा आठवतो. इतिहास म्हटला की किल्ला. पण बेळगाव घडले ते मागावर आणि भट्टीतही. तो इतिहास पाहायला बसभाडे लागत नाही. अर्धा दिवस आणि दोन पाय पुरतात.

शहापुरातून निघावे. १९४८ पर्यंत सांगली संस्थानात असलेली ही पेठ साड्यांसाठी प्रसिद्ध. खासबाग-वडगावच्या गल्ल्यांतून यंत्रमागांची खडखड ऐकत, अनगोळवरून उद्यमबागेत जावे. तेथे लोखंडाचे ओतकाम चालते. परतताना टिळकवाडीत काँग्रेस विहीर लागते. १९२४ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली येथे भरलेल्या अधिवेशनाने काँग्रेसच्या सभासदत्वासाठी दरमहा २००० वार हातसुताची अट घातली. राजकारणाला सुताशी बांधणारा हा ठराव विणकरांच्या शेजारीच झाला, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? पुढे गोवावेसवरून पुन्हा शहापूर.

ही प्रदक्षिणा मराठी व कन्नड विभागांनी मिळून करावी, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे. मागावर दोन्ही भाषा नांदतात. मराठीतला धोटा कन्नडमध्ये लाळी होतो. जुन्या विणकरांजवळ बसून हे शब्द दोन्ही लिप्यांत उतरवून घ्यावेत, त्यांच्या मजुरीचा हिशेबही विचारावा. कारण माग भंगारात गेला की धोटा जाईल आणि लाळीही जाईल. मग आपण भाषेचा अभिमान मिरवायचा तो कशाच्या जोरावर?