हराळी, हिरवळ आणि अंगण

सोलापुरात ‘लॉन’ हा शब्द उच्चारला की लग्नाची आमंत्रणपत्रिका डोळ्यांपुढे येते. घरापुढे राखलेली, दर रविवारी यंत्राने कापलेली आणि शेजाऱ्याने कुंपणावरून डोकावून मनातल्या मनात जोखलेली हिरवळ हा अर्थ आमच्या गावाला तसा परकाच. तरीही होटगी रोड, विजापूर रोड, जुळे सोलापूर अशा भागांतील काही बंगल्यांसमोर हिरवे चौकोन दिसतात आणि त्यांच्यामागोमाग त्यांविषयीचा अभिमानही. ह्या अभिमानाची टिंगल करणे सोपे आहे. आम्हांस तो तपासून पाहावासा वाटतो.

गवत कापण्याच्या यंत्राची जन्मकथा सोलापूरकराने मुद्दाम वाचावी अशी आहे. इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायरमधील स्ट्राउड हा लोकरी कापडाच्या गिरण्यांचा मुलूख. विणून झालेल्या कापडावर उभे राहिलेले तंतू एका पातळीत छाटण्यासाठी तिथे दंडगोलावर मळसूत्री पाती बसवलेले यंत्र वापरीत. एडविन बडिंग नावाच्या कारागिराला वाटले, कापडावर जे चालते ते गवतावर का चालू नये? १८३० साली त्याने पेटंट घेतले. त्यापूर्वी हिरवळ राखायची तर लांब दांड्याचे कोयते घेतलेले मजूर पदरी असावे लागत. म्हणजे ती जमीनदाराचीच चैन होती. हे यंत्र चालवणे खेड्यातल्या सद्गृहस्थांना करमणुकीचे आणि प्रकृतीला मानवणारे वाटेल, असे बडिंगने पेटंटातच नमूद करून ठेवले. पुढे मध्यमवर्गीय माणूस सुट्टीच्या दिवशी स्वतः यंत्र ढकलू लागला. त्याच्या अभिमानात कापड विणणाऱ्याचीच नजर आहे: पोत एकसारखा, काठ सरळ, कुठे धागा वर आलेला नाही. १८७७ साली सुरू झालेली जुनी गिरणी, पूर्व भागातले माग, चादर आणि टेरी टॉवेल ह्यांवर वाढलेल्या गावाला ही नजर कोणी शिकवायला नको. टॉवेलावरचे फंदे छाटून तो मखमलीसारखा करणारे यंत्रही त्याच कुळातले.

दुसरी गंमत गवताची. उष्ण प्रदेशांत हिरवळीसाठी लावतात ते ‘बर्म्युडा’ गवत म्हणजे आपली हराळी. गणपतीला वाहिली की दूर्वा. नाव बदलले की भाव बदलतो. काळ्या रानात हराळी शिरली की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो, कारण तिची मुळे खोल जातात आणि नांगराने तुटलेल्या तुकड्यांनाही नवे कोंब फुटतात. ती चुरशीने खणून काढणारे आणि बांधापलीकडचे रान किती स्वच्छ आहे ह्यावर बारीक नजर ठेवणारे शेजारी ह्या जिल्ह्यात गावोगाव भेटतील. गवत तेच, ईर्षाही तीच. एकाचा मान ते राखण्यात, दुसऱ्याचा ते निपटून काढण्यात. (बांध कोरण्यावरून कोर्टापर्यंत गेलेले शेजारी वेगळे. त्यांच्या चुरशीला मैत्रीची म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही.)

मग बंगल्यापुढच्या हिरवळीत आम्हांस खटकते काय? पाणी, आणि हात. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. उजनीचे पाणी शंभरएक किलोमीटर वाहून आणावे लागते आणि काही दिवसांआड येणाऱ्या नळाची वाट पाहण्यात ह्या शहराच्या कित्येक उन्हाळ्यांची रात्र-पहाट गेली आहे. अशा ठिकाणी शेजाऱ्याच्या हिरव्याला उत्तर द्यायचे तर अधिक पाणी ओतूनच द्यावे लागते. आणि दोन बोअरवेल एकाच भूगर्भातून ओढत असतील तर जिंकणारा हरणाऱ्याच्याच पाण्यावर जिंकतो. शिवाय इथे यंत्र ढकलतो माळी आणि मिरवतात मालक. बडिंगच्या यंत्राने जी चैन मोडली, तीच आपण मजुरी देऊन परत आणली.

ह्या गावाची जुनी चुरस अंगणात चालत आली आहे. तांब्याभर पाण्याचा सडा, चिमटीतली पांढरी पूड, आणि ठिपक्यांना वळसे घेत न तुटता परत आरंभाशी येणारी रेघ. तेलुगू घरात तिला मुग्गू म्हणतात, मराठी आणि कानडी घरांत रांगोळी. भिंत एक आणि भाषा दोन अशा शेजारणी एकमेकींचे नमुने निःसंकोच उचलतात. जिचे पाहून शिकलो तिलाच दुसऱ्या दिवशी मागे टाकायचे, आणि संध्याकाळपर्यंत दोघींचेही पायांखाली पुसले जायचे. तेव्हा कोणाचीच आघाडी चोवीस तासांपलीकडे टिकत नाही. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेतले सात नंदीध्वज निघतात तेव्हा हीच कला अंगण सोडून मिरवणुकीच्या मार्गावर उतरते.

मात्र ह्या अंगणाचे कौतुक करताना एक गोष्ट नजरेआड करणे अप्रामाणिकपणाचे होईल. पहाटे वाकून झाडणारी, शिंपणारी, रेखणारी व्यक्ती बहुतेक घरांत बाईच असते. गवत कापण्याच्या यंत्राने निदान पुरुषाला घराबाहेर काढून, शेजाऱ्यांच्या देखत, घाम गाळायला लावले. त्या संस्कृतीकडून काही उसने आणायचेच तर गवत तिथेच राहू द्यावे, तो रविवारचा घाम आणावा. आमच्याकडे अजून एखादा गृहस्थ केरसुणी घेऊन अंगणात दिसला, तर समोरच्या घरातून पहिला प्रश्न येतो, ‘‘वहिनींना बरं नाही का?’’